घराचा हप्ता आणि अंतराचा हप्ता

मध्यमवर्गीय कुटुंबात घरखरेदीचा विचार सुरू झाला की सर्वप्रथम कागदावर मांडला जातो तो पैशांचा हिशेब. भविष्यनिर्वाह निधीतून किती काढता येईल, पतपेढी किती देईल, बँक किती देईल, दागिने मोडावे लागतील काय, या प्रश्नांवर रात्री-रात्री खल होतो. कागदाच्या तळाशी अखेर मासिक हप्त्याचा आकडा येतो. तो पगारात बसतो असे दिसले की घर परवडले असे समजले जाते. मग ते घर आहे कोठे हा प्रश्न निघतो, आणि त्याचे उत्तर बहुधा एका वाक्यात आटोपते : 'तासा-दीड तासाचा तर प्रवास, सगळेच करतात!' या एका वाक्यापोटी पुढील वीस वर्षांत किती आयुष्य खर्ची पडणार आहे, याची नोंद मात्र त्या कागदावर कोठेच नसते.

ही नोंद करणे तसे अवघड नाही. दररोज जाण्यायेण्यात तीन तास, वर्षाचे कामाचे दिवस २८०, आणि गृहकर्जाची मुदत २० वर्षे असे धरले, तर एकूण १६,८०० तास होतात. माणूस दिवसाचे सोळा तास जागा असतो असे मानले तर जागेपणाची १,०५० दिवसांची, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांची रक्कम झाली. कर्ज फेडताना व्याज किती जाते याबद्दल हळहळणारा नोकरदार या रकमेबद्दल हळहळताना सहसा दिसत नाही. याचे कारण त्याच्या बेफिकिरीत शोधण्यापेक्षा मुंबईच्या घरबाजाराच्या इतिहासात शोधणे अधिक योग्य ठरेल.

मुंबईचा विस्तार रुळांच्या आधाराने झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोहोचले आणि १९२५ साली कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी सुरू झाली. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या आखीव वस्त्या उभारल्या, तेव्हा तेथे राहायला जाणारा कारकून हा दूरच्या उपनगरात गेलेला मनुष्य समजला जाई. तथापि तो घर विकत घेत नसे, भाड्याने घेत असे. नोकरी बदलली, कुटुंब वाढले, मुलाची शाळा बदलली, तर बिऱ्हाड हलवता येत असे. घर आणि नोकरी यांतील अंतर ही त्या काळी दुरुस्त करता येण्याजोगी गोष्ट होती.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. युद्धोत्तर टंचाईच्या काळात भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यक होते, हे मान्य करावेच लागेल. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा पन्नासहून अधिक वर्षे टिकला आणि त्याच्या जागी आलेला १९९९ चा कायदाही जुन्या भाडेकरारांना फारसा हात लावू शकला नाही. परिणामी भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधण्यात कोणाला स्वारस्य उरले नाही. जुन्या जागा पागडीवर जाऊ लागल्या, आणि बांधकामाचा धंदा 'ओनरशिपच्या ब्लॉक'कडे वळला. त्या धंद्याला शिस्त लावण्यासाठी १९६३ साली सदनिका मालकीचा कायदा करावा लागला. १९७७ साली एचडीएफसीची स्थापना होऊन सामान्य पगारदाराला घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. गिरगाव, लालबाग, परळ येथील खोल्यांतून वाढलेली पिढी अशा रीतीने डोंबिवली, ठाणे, बोरिवली आणि पुढे बदलापूर-विरारला गेली. दहा बाय बाराच्या खोलीतून निघालेल्या माणसाला स्वतंत्र स्वयंपाकघर आणि दाराआड संडास मिळत होता. त्यापुढे गाडीचा प्रवास त्याला क्षुल्लक वाटला असल्यास नवल नाही. बिऱ्हाड हलवण्याची सोय मात्र या व्यवहारात गेली. घर कायमचे झाले आणि त्याबरोबर अंतरही कायमचे झाले.

पासाची स्वस्ताई

नागरी अर्थशास्त्रात या विषयावर बरेच लिहिले गेले आहे. शेतजमिनीच्या संदर्भात जर्मन अर्थज्ञ फॉन थ्यूनेन याने १८२६ साली मांडलेला विचार विल्यम अलोन्सो याने १९६४ साली शहराला लावला. शहराच्या केंद्रापासून जो जो दूर जावे, तो तो जागेची किंमत उतरते आणि प्रवासाचा खर्च वाढतो. घर घेणारा या दोहोंचा मेळ घालून आपली जागा निवडतो, असा त्याचा थोडक्यात आशय. तत्त्व साधे आहे आणि ते खोटेही नाही. परंतु मुंबईत त्याला एक विलक्षण फाटा फुटतो. उपनगरी गाडीचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास अजूनही काही शे रुपयांत मिळतो. साठ-सत्तर किलोमीटरचा रोजचा प्रवास इतक्या अल्प पैशात घडवून आणणारी व्यवस्था जगातील मोठ्या शहरांत विरळाच. म्हणजे येथे अंतराची पैशातील किंमत जवळजवळ शून्य आहे. सारी किंमत वेळेच्या आणि शरीराच्या रूपाने द्यावी लागते, आणि जी किंमत पैशात नसते ती घरगुती अंदाजपत्रकात येत नाही.

या स्वस्ताईचा लाभही संपूर्णपणे प्रवाशाला मिळतो असे नाही. रेल्वे तोटा सोसून पास स्वस्त ठेवते, म्हणून दूरच्या स्थानकाजवळची जमीन नोकरदाराला राहण्याजोगी होते, आणि ती राहण्याजोगी झाली की जमीनमालक व बांधकाम व्यावसायिक तिचा भाव वाढवतात. जी सवलत कारकुनासाठी म्हणून दिली गेली तिचा मोठा हिस्सा त्याच्याच घराच्या किमतीतून परत वसूल केला जातो. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगले उदाहरण शोधण्यासाठी पुस्तक उघडण्याची गरज नाही.

बाजार बिनचूक चालत असता, तर लांबच्या प्रवासाची पुरेपूर भरपाई स्वस्त घराच्या किंवा अधिक पगाराच्या रूपाने मिळायला हवी होती, आणि जवळ राहणारा व दूर राहणारा दोघेही सारखेच समाधानी असायला हवे होते. झुरिक विद्यापीठातील ब्रुनो फ्राय आणि अलॉइस श्टुट्झर यांनी जर्मनीतील कुटुंबांच्या पाहणीवरून ही गोष्ट तपासली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा की, प्रवासाचा वेळ जितका अधिक तितके माणसाचे समाधान कमी असते आणि भरपाई पुरती होत नाही. जेथे प्रवाशाला बसायला जागा मिळते तेथील ही गोष्ट आहे. डोंबिवलीचा प्रवासी बसायला मिळावे म्हणून आधी उलट दिशेने कल्याणला जातो आणि तेथून मुंबईकडे निघतो, हे त्या पाहणीत कोठून येणार?

एक हिशेब

उदाहरणादाखल एक कल्पित कुटुंब घेऊ. पती दादरच्या शाळेत शिक्षक, पत्नी फोर्टमधील कचेरीत. प्रत्येकाचा पगार ६० हजार आणि जवळची शिल्लक १० लाख. त्यांच्यापुढे दोन घरे आहेत : एक बदलापूरला ४५ लाखांचे, दुसरे तेवढ्याच खोल्यांचे पण जुन्या इमारतीतील, ठाण्याला ८० लाखांचे. किमती केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतल्या आहेत. मुद्रांक शुल्काचे सहा-सात टक्के, नोंदणी, बांधकाम चालू असल्यास जीएसटी आणि आत शिरल्यावरचा सुताराचा खर्च तूर्त बाजूला ठेवला आहे, तरी प्रत्यक्षात तो बाजूला राहत नाही.

साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी ३५ लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे ३०,४०० रुपये येतो, ७० लाखांचा ६०,७०० रुपये. फरक दरमहा ३०,३०० रुपये. गाडीतील वेळ, कल्याणपलीकडे गाड्या कमी असल्याने फलाटावर होणारा खोळंबा आणि दोन्ही टोकांची पायपीट धरून बदलापूरच्या घराला दररोज माणशी दीड तास अधिक लागतो असे मानू. महिन्याचे २५ दिवस व दोन माणसे यांनी गुणता ७५ तास होतात. म्हणजे बदलापूर निवडणारे हे जोडपे आपला प्रत्येक तास सुमारे ४०० रुपयांना विकते. पगाराकडे पाहता महिन्याच्या २०० तासांचे ६० हजार, म्हणजे तासाचे ३०० रुपये. तेव्हा वरवर पाहता व्यवहार फायद्याचा आहे, आणि बहुतेक कुटुंबांचा हिशेब, त्यांनी तो असा मांडलेला नसला तरी, याच ठिकाणी थांबतो.

परंतु हा पहिल्या वर्षाचा हिशेब झाला. घराचा हप्ता रुपयांत ठरलेला असतो. पगार मात्र महागाई भत्ता, वेतनवाढ आणि वेतन आयोग यांच्या आधाराने वाढत जातो. वर्षाला सहा टक्के वाढ धरली तर सहाव्या वर्षी या दांपत्याच्या तासाची किंमत ४०० रुपयांच्या पुढे जाते आणि दहा वर्षांनी ती ५३० च्या पुढे असते. हप्त्यातील फरक मात्र तेथेच, ३०,३०० वर. जे ओझे पहिल्या वर्षी पगाराच्या निम्मे होते ते दहा वर्षांनी २८ टक्क्यांवर येते. प्रवासाच्या हप्त्याला अशी कोणतीही घसरण नाही. दीड तास हा दीड तासच राहतो. पंचविशीतल्या माणसाला उभ्याने काढलेला दीड तास आणि पन्नाशीतल्या, गुडघे धरलेल्या माणसाला काढावा लागणारा दीड तास यांत कोणता जड, हे सांगण्यास अर्थशास्त्र लागत नाही. घराचा हप्ता काळाबरोबर हलका होत जातो, अंतराचा हप्ता जड होत जातो, आणि घर घेताना माणूस नेमका उलटा विचार करतो.

आणखी एक बाब याच हिशेबात मोडते. अधिक हप्त्यातील सगळाच पैसा खर्च नसतो. ३५ लाखांच्या जादा कर्जावर पहिल्या महिन्यात सुमारे २४,८०० रुपये व्याज जाते, उरलेले साडेपाच हजार मुद्दलात, म्हणजे एका अर्थी बचतीत, जमा होतात, आणि हा वाटा दरमहा वाढतो. गाडीत घालवलेल्या तासांचे मुद्दल मात्र कोठेही साठत नाही.

या तर्काच्या विरुद्ध बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. गृहकर्जाचे व्याज आज बहुधा बदलते असते. मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला. तेव्हा अनेकांच्या कर्जाची मुदत काही वर्षांनी लांबली आणि ते त्यांना बँकेच्या पत्रावरून कळले. ७० लाखांच्या कर्जावर एक टक्का वाढला की हप्ता साडेचार हजारांनी चढतो. शिवाय ज्या घरात नोकरी एकाचीच आहे, किंवा नोकरी कंत्राटी आहे, तेथे दहाव्या वर्षीच्या सुखासाठी पहिल्या पाच वर्षांत उपाशी राहा असे सांगणे हे क्रौर्य होय. प्राप्तिकराच्या सवलतीवर भिस्त ठेवणाऱ्यांनीही सावध असावे. नव्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट मिळत नाही.

पण मग अशा कुटुंबापुढे बदलापूर किंवा उपासमार हे दोनच मार्ग उरतात काय? तिसरा एक आहे, आणि तो सुचवला की मराठी घरात वातावरण तंग होते. मुंबई परिसरात घराचे वार्षिक भाडे किमतीच्या साधारण अडीच ते साडेतीन टक्के असते. ठाण्याचे तेच ८० लाखांचे घर भाड्याने घेतले तर तीन टक्क्यांच्या हिशेबाने दरमहा २० हजार पडतील. म्हणजे बदलापूरला घर विकत घेण्यापेक्षा ठाण्याला भाड्याने राहणे दहा हजारांनी स्वस्त, शिवाय शिल्लक दहा लाख, अनामत वजा जाता, मुदत ठेवीत कायम, आणि दररोजचे तीन तास घरात. भाडे वर्षाला पाच टक्क्यांनी वाढले तरी त्याला बदलापूरचा हप्ता गाठायला जवळजवळ नऊ वर्षे लागतात.

'भाडे म्हणजे पैसे पाण्यात' हा यावरचा ठरलेला आक्षेप आहे. व्याज मग कोठे जाते, हा प्रतिप्रश्न सहसा कोणी विचारत नाही. घराच्या किमती नेहमी चढतच राहतात, हे गृहीतही तपासून पाहावे. २०१४ नंतरची सहा-सात वर्षे मुंबई परिसरातील भाव महागाईच्या मानाने बहुतांशी जागच्या जागी होते. खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो वजनदार आहे. १९७३ साली भाडे कायद्यात दुरुस्ती होऊन त्या वेळच्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्या धसक्याने घरमालकांत अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'ची प्रथा घट्ट झाली, आणि कायदा बदलून गेला तरी ती टिकून आहे. मूल चौथीत असताना मालकाने घर रिकामे मागितले तर काय करायचे? रेशन कार्डापासून बँक खात्यापर्यंत दरवेळी पत्ता बदलत बसायचे काय? म्हातारपणी डोक्यावर छप्पर कोणाचे? हे प्रश्न पैशांचे नाहीत, आणि म्हणूनच त्यांना पैशाने उत्तर देता येत नाही. तरीही लग्नानंतरची किंवा नोकरीतली पहिली आठ-दहा वर्षे, जेव्हा बदली कोठे होईल, दुसरी नोकरी लागेल की नाही, हेच ठरलेले नसते, तेव्हा घाईने दूर घर घेऊन स्वतःला खुंटीला बांधून घेण्यापेक्षा भाड्याने जवळ राहणे अनेकांना अधिक हिताचे ठरेल, असे दिसते.

कोणाचा प्रवास?

आतापर्यंतच्या हिशेबात पती व पत्नी यांचा तास एकाच भावाने मोजला. वस्तुस्थिती तशी नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार देशात बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, ते करणारे पुरुष ८८ मिनिटे. पाच तास घरकाम आणि आठ तास कचेरी यांच्यामध्ये जेव्हा तीन-साडेतीन तासांचा प्रवास येऊन बसतो, तेव्हा पुरुषाच्या दिवसातून फावला वेळ जातो, स्त्रीच्या दिवसातून झोप जाते. लोकलच्या महिलांच्या डब्यात संध्याकाळी भाजी निवडणाऱ्या बायकांचे कौतुक वर्षानुवर्षे होत आले आहे. चोवीस तासांत न मावणारे काम त्या डब्यात उरकतात, हा त्या दृश्याचा अर्थ कौतुकात हरवतो. दूरचे घर घेतल्यावर दोन-चार वर्षांत, बहुधा पहिल्या मुलाच्या जन्मानंतर, पत्नीने नोकरी सोडल्याची उदाहरणे प्रत्येक सोसायटीत सापडतात. तसे झाले की स्वस्त घराच्या किमतीत एक संपूर्ण पगार मिळवावा लागतो. बाजूने साठ हजार आणि वजाबाकीत तीस हजार, असा हा सौदा असतो.

मुलांचेही तेच. घर घेताना मूल तीन वर्षांचे असते आणि बालवाडी खालच्याच गल्लीत असते. ते सोळा वर्षांचे झाले की रुईया, व्हीजेटीआय किंवा तत्सम संस्थेत प्रवेश मिळाल्याचे पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून तेही सकाळच्या गाडीला लोंबकळू लागते. आईबापांनी घेतलेले अंतर पुढच्या पिढीला वारशाने मिळते. हा वारसा नुसता गैरसोयीचा नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षांत दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांतील पुष्कळ रूळ ओलांडताना गेली, तर कित्येक गाडीतून पडून. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर सकाळच्या गर्दीत दारात उभे असलेले प्रवासी खाली कोसळले आणि किमान चौघे प्राणास मुकले. ते हौसेने दारात उभे नव्हते.

म्हणून घर आणि कचेरी एवढेच अंतर न मोजता त्या घरातील प्रत्येक माणसाला रोज किंवा वरचेवर कोठे जावे लागणार आहे, ते सगळे मोजावे लागते. वस्तीचा विचार सुरू होतो तो येथून. वस्ती चांगली म्हणजे बाग, प्रवेशद्वारावरची कारंजी आणि पहारेकरी, अशी समजूत जाहिरातींनी करून दिली आहे. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या दृष्टीने चांगली वस्ती म्हणजे जेथे मुलाला शाळेत चालत जाता येते, आजीला डॉक्टरकडे एकटीने जाता येते, रात्री दहाला स्थानकावर उतरलेल्या मुलीला रिक्षासाठी अंधारात अर्धा तास उभे राहावे लागत नाही, आणि दोन दिवस ताप आला तर शेजारीण भात-वरण आणून देते. अशी वस्ती घरातल्या चार माणसांचे प्रवास वाचवते. डोंबिवलीने ठाण्या-मुलुंडच्या तुलनेत दूर असूनही मराठी मध्यमवर्गाला इतकी वर्षे धरून ठेवले, त्याचे रहस्य केवळ भावात नाही. मराठी शाळा, ग्रंथालये, व्याख्यानमाला, १९९९ पासून तेथे निघणारी गुढीपाडव्याची शोभायात्रा, आणि पायी अंतरावरचा बाजार यांचा त्यात वाटा आहे. 'आपल्या माणसांची वस्ती' या शब्दांआड जात आणि ताटातले पदार्थ पाहून घर नाकारण्याची रीतही लपते, हे मात्र येथे नमूद केले पाहिजे. ज्यांना ती रीत भोगावी लागते त्यांच्यासाठी निवडीचे वर्तुळ आधीच आवळलेले असते.

वस्तीबाबत काही प्रश्न निव्वळ कागदाचे आहेत आणि त्यांत भिडेला जागा असू नये. २०२२ साली कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानगीपत्रांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण उघडकीस आले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यांत घरे घेणारे लोक अडाणी नव्हते. त्यांनी कर्जे काढली होती, बँकांनी कागद पाहिले होते, महारेराचा क्रमांक छापलेला होता. तेव्हा त्या क्रमांकावर थांबून चालत नाही. बांधकाम परवानगी महापालिकेच्या दप्तरात प्रत्यक्ष आहे काय, जमिनीचा सात-बारा कोणाच्या नावे आहे आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय, हे स्वतः वकिलाकरवी पाहावे लागते. पाण्याचे पाहावे लागते : नळाला किती वेळ येते आणि उन्हाळ्यात टँकरचा खर्च सोसायटी कोणाकडून वसूल करते. नदीचे पाहावे लागते. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान शेकडो प्रवाशांसह अडकून पडली होती. त्याच नदीकाठी आजही नव्या इमारतींच्या जाहिराती लागतात. कारखान्यांचे पाहावे लागते. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत झालेल्या स्फोटाने आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या आणि अनेक कामगारांचे बळी गेले.

या सर्वांवर जाहिरातीचे एक ठरलेले उत्तर असते : 'लवकरच'. लवकरच स्थानक, लवकरच मेट्रो, लवकरच पूल. अशा आश्वासनांचा मुंबई परिसरातील अनुभव जुना आहे. सिडकोची स्थापना १९७० ची, वाशीचा खाडीपूल १९७३ चा; वाशीला रेल्वे आली १९९२ साली. मधली एकोणीस वर्षे तेथील रहिवाशांनी बसच्या रांगेत काढली. उलव्याजवळ खारकोपरपर्यंत गाडी २०१८ मध्ये आली, तर तीच पुढे उरणला पोहोचायला जानेवारी २०२४ उजाडला. नवी मुंबईच्या विमानतळाचे नाव घेऊन दोन दशके घरे विकली गेली आणि पहिले प्रवासी विमान उडाले ते २५ डिसेंबर २०२५ रोजी. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. २०२५ साल संपले तेव्हाही कल्याणकराला तिचे तिकीट काढता आले नव्हते. साधी जलद गाडी दिव्याला थांबावी यासाठी तेथील प्रवाशांना आंदोलन करावे लागले आणि तो थांबा मिळाला डिसेंबर २०१६ मध्ये. ही कामे झाली नाहीत असे नाही, बहुतेक अखेर होतातच. परंतु त्यांची किंमत घराच्या भावात पहिल्या दिवशी घेतली जाते आणि त्यांचा उपयोग बारा-पंधरा वर्षांनी मिळतो. मधल्या काळात घेणारा न आलेल्या मेट्रोचे भाडे भरत असतो. आज जी गाडी धावते आहे तिच्याच वेळापत्रकावर घर पारखावे, पुढे मेट्रो आली तर तो लाभ समजावा, हा मार्ग त्यातल्या त्यात सुरक्षित.

पारखण्याची रीतही साधी आहे आणि तिला खर्च एका आठवड्याच्या पासाइतकाच येतो. रविवारी दुपारी दलालाच्या गाडीतून घर पाहायला जाण्याऐवजी पावसाळ्यातल्या एखाद्या आठवड्यात त्या स्थानकावरून सकाळी आठच्या सुमारास कामावर निघावे आणि संध्याकाळी तेथेच परतावे. 'स्थानकापासून दहा मिनिटे' हे अंतर रिक्षाच्या रांगेसह किती मिनिटांचे होते ते पाहावे. हा प्रवास पती-पत्नी दोघांनीही स्वतंत्रपणे करावा, कारण दोघांचे डबे वेगळे असतात आणि दोघांच्या वेळाही.

ज्यांनी घर केव्हाच घेतले आहे आणि ज्यांचे कर्ज अर्धे फिटले आहे, त्यांना हा हिशेब वाचून विषादच वाटेल. घर विकून जवळ येणे मुद्रांक शुल्क आणि भावातील दरी पाहता त्यांना बहुधा शक्य नसते. त्यांचा प्रश्न घरांच्या बाजारात सुटणारा नाही, तो कामाच्या वेळांत आहे. कार्यालयांनी आपल्या वेळा मागेपुढे कराव्यात, अशी विनंती मध्य रेल्वेने अलीकडच्या वर्षांत अनेक आस्थापनांना केली. प्रतिसाद बेताचाच मिळाला. मुंबईतील सकाळच्या सत्राची शाळा सात वाजता भरते आणि बदलापूरची शिक्षिका तिच्यासाठी पाचच्या आधीची गाडी पकडते. बदल्या, समायोजन आणि वेळापत्रक ठरवताना शिक्षक राहतो कोठे, हा रकाना शिक्षण खात्याच्या आणि संस्थांच्या तक्त्यात घालायला नवा खर्च येत नाही. सरकारी व निमसरकारी कचेऱ्यांच्या ठाणे-कल्याण परिसरातील शाखांत जागा रिकाम्या होतात, तेव्हा तेथे राहणाऱ्यांना आधी विचारायलाही येत नाही.